शेवटच्या भेटीतील बोलणे



राजवाड्याच्या आवारात जमलेल्या मंडळींपुढे सरस्वती महालाचे गुणगान करावे, हा प्रघातच आहे. आज मात्र आम्ही आपल्याला शिवगंगा बागेत नेऊ इच्छितो. तेथे १७७९ साली उभारलेल्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजी महाराजांनी ते फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडले आहेत, शेजारी त्यांच्या शाळेतील मुले आहेत आणि महाराजांनी त्यांचा हात हाती धरला आहे.

या भेटीमागे आणखी एक मृत्युशय्या आहे. १७८७ साली तुळजाजी महाराजांनी आपला अंत ओळखून दहा वर्षांच्याही आतल्या या दत्तक पुत्राला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले होते. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले. त्या दुखण्यात राजपुत्र भेटीस आला, तेव्हा आपण आता जाणार, हे वृद्धाने लपविले नाही. आपल्यामागे डामडौलाच्या नादी लागू नये, न्यायाने वागावे, असे त्यांनी सांगितले. सरफोजींनी ख्रिस्ती व्हावे, ही त्यांची इच्छा कधीच सफल झाली नाही. महाराज अखेरपर्यंत आपल्याच धर्मात राहिले. तरीही समाधीवरील इंग्रजी पद्य त्यांनी स्वतः रचले.

हे आठवण्यास कारण घडले. आमच्यापैकी चौघे मध्यंतरी इस्पितळात एका वृद्ध बाईंना भेटावयास गेलो होतो. परिचारिकांशी त्या तामिळमध्ये बोलत. आम्हांला पाहताच मराठीवर आल्या. म्हणाल्या, "आता माझे फार दिवस उरले नाहीत, नाही का?" आम्ही एकसुराने उत्तरलो, "छे, छे! असे अभद्र बोलू नये. दिवाळीचा फराळ तुमच्याच हातचा खायचा आहे." त्या हसल्या आणि भिंतीकडे वळल्या. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. त्यांना काय सांगावयाचे होते, हे आम्हांला आता कळणार नाही.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. अशा ठिकाणी रुग्णांशी बोलणारी सेवाभावी मंडळी मृत्यूचा विषय आपणहून काढीत नाहीत. पण रुग्णाने काढला तर तो झटकीतही नाहीत. "तुम्हांला काय वाटते?" असे विचारून ती थांबतात. किती दिवस उरले, हे सांगणे डॉक्टरांवर सोपवितात. आपला देव दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवीत नाहीत. आधी वेदना शमवावयाची, मग बोलणे, हा क्रमही तेथे मोलाचा मानतात. कळा येत असताना तत्त्वज्ञान ऐकविणे हे क्रौर्यच होय. (आपल्याकडील काही कीर्तनप्रिय आप्तांना हे सांगावयास हवे!)

परमुलुखात जन्म गेला तरी शेवटी माणूस आईच्या बोलीकडे वळलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. औषध कोणीही देईल. तंजावरी मराठीतले बोलणे कोण ऐकणार? म्हणून इस्पितळांना ज्यांची भेट उपयोगी पडेल, अशांची यादी मंडळाने करावी, आणि जाण्यापूर्वी त्यांना जाणत्या परिचारिकेकडून थोडे शिक्षण मिळावे, अशी आमची सूचना आहे. वही दाराशी ठेविली आहे. आम्ही चौघांनी आपली नावे लिहिली आहेत.