मॉस्कोतील एक अंगण आणि तैलरंगाचा अभ्यास



'नक्कल' हा शब्द शाळेच्या आवारात फार बदनाम झालेला आहे. परीक्षेतील नक्कल आणि चित्रकाराची अनुकृती यांना नेहमी एकाच दावणीला बांधले जाते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात मात्र १७९३ पासून शिकाऊ चित्रकारांना मूळ चित्रापुढे बसून त्याची अनुकृती करू देतात. अट इतकीच की, अनुकृतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा असावा आणि मूळ चित्रकाराची सही तीत उतरवू नये.

अशा अभ्यासास वासिली पोलेनॉव्ह या रशियन चित्रकाराचे 'मॉस्कोतील अंगण' हे चित्र उत्तम होय. १८७८ सालचे हे तैलचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहात आहे. चित्रकाराने आर्बात भागातील आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून जे दिसले तेच रंगविले : गवताने भरलेले अंगण, लाकडी खोपटी, जुंपलेला घोडा, बादली घेतलेली स्त्री, खेळणारी मुले, आणि मागे निळ्या आभाळावर पांढरे देऊळ व त्याचे सोनेरी घुमट. पुढच्या गवतात एक लहान मूल रडत बसले आहे. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही!

शिकाऊ माणूस नेमका या मुलापासून आरंभ करतो आणि फसतो. मूल गवतावर न बसता गवतापुढे लोंबकळू लागते. मूळ चित्र रुंदीने सुमारे ८० आणि उंचीने ६४ सेंटिमीटर आहे. म्हणून ४० बाय ३२ चा कापडी फलक घेऊन त्यावर आठ-आठ सेंटिमीटरचे वीस चौकोन आखावेत. प्रथम आभाळ, मग देवळाची आकृती, मग खोपट्यांच्या सावल्या. माणसे सर्वांत शेवटी.

खरी कसोटी हिरव्या रंगाची. नळीतला हिरवा जसाच्या तसा लावला की अंगणाचे बिलियर्डचे टेबल होते. उन्हातल्या गवतात पिवळी माती मिसळावी, सावलीतल्या गवतात निळा व किंचित तांबूस. देवळाचा पांढरा रंगही शुद्ध पांढरा नसतो. सावलीकडची भिंत आभाळाची निळाई घेते. छापील प्रतीवर वा संगणकाच्या पडद्यावर रंग बदललेले असतात, तेव्हा रंगाचे नाव शोधण्यापेक्षा कोणता भाग कोणत्या भागाहून उजळ, एवढेच ताडावे.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ करावेत, वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवावे. क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात.

येथे शंका निघेल : मग मुलांनाही नकलाच द्याव्यात काय? मुळीच नाही. दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि एक झोपडी हे चित्र फळ्यावरून साठ वह्यांत उतरते, तेव्हा कोणी काहीच पाहिलेले नसते. पोलेनॉव्हची अनुकृती करणारा शिक्षक मात्र दर चौकोनाला पाहतो, चुकतो, खरवडतो. पोलेनॉव्ह स्वतः १८८२ पासून मॉस्कोच्या चित्रशाळेत शिकवीत असे. लेव्हितान आणि कोरोव्हिन हे त्याचेच विद्यार्थी, आणि दोघांचीही चित्रे गुरूच्या चित्रांसारखी नाहीत.

अनुकृती पुरी झाली की मागील बाजूस 'पोलेनॉव्हवरून' असे लिहून आपले नाव व तारीख घालावी, आणि व्हार्निश लावण्यापूर्वी निदान सहा महिने ती धूळ लागणार नाही अशा जागी वाळू द्यावी.