गळक्या खोलीचा हिशेब



टाकव्याच्या आसपास कारखाने आले, तशा शेताच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. आंदर मावळच्या पावसात स्लॅबला चीर पडली की वाद ठरलेला. घरमालक म्हणतो, “भाडे ते केवढे, आणि दुरुस्ती केवढी!” खोलीवाला म्हणतो, “आम्ही भाडे देतो ते काय गळक्या छताचे?” आमची हयात कामगारांची बाजू मांडण्यात गेली, तरी सांगतो, मालकाच्या बोलण्यातही तथ्य आहे.

मुंबईकडे पहा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील जुनी भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधली. गिरणगावातल्या कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर त्याने टिकवले, हे आम्ही विसरणार नाही. पण गवंड्याची मजुरी, चुना, लोखंड यांचे दर कोणी बांधले नव्हते. मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली, तुळया कुजल्या. अखेर 1969 साली सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला.

1999 च्या कायद्याने मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढ दिली. दुरुस्ती त्याच्याच गळ्यात ठेवली. नोटीस देऊन 15 दिवसांत त्याने काम केले नाही, तर भाडेकरूने ते करावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. समजा भाडे महिना 4,000 आहे. म्हणजे वर्षाला 12,000 वळते होतील. स्लॅबला 40,000 लागले तर किती पावसाळे गेले, ते तुम्हीच मोजा.

आणि हाही आधार सर्वांना नाही. कायदा परिशिष्टात नोंदलेल्या गावांपुरताच. शिवाय अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या लेखी भाडेकरूच नव्हे! त्याच्या हाती कराराचा कागद, तेवढेच. म्हणून त्या कागदात अनामत लिहिता, तशी दुरुस्तीही लिहून घ्या. नळाचा वायसर, दिव्याचे बटण राहणाऱ्याने पहावे. स्लॅब, भिंत, संडासाची टाकी मालकाने. मालकाने दरमहा भाड्यातून काही रक्कम बाजूस काढावी आणि तिचा हिशेब रांगेतल्या खोलीवाल्यांना दाखवावा. हिशेब दिसला तर माणूस दोन पैसे जास्त देतानाही कुरकुरत नाही, हा आमचा युनियनच्या वर्गणीचा अनुभव.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. आज गच्ची कोरडी आहे. रांगेतल्या सर्वांनी मिळून मालकाकडे जावे, आणि जाताना गवंड्याला बरोबरच न्यावे.