थट्टेचं नातं

घरात कुणी कुणाची थट्टा करायची, हे मराठवाड्यात नात्यावरून ठरतं. दीर-भावजय, मेहुणे-मेहुण्या, आजी-नातवंडं, मामाची आणि आत्याची लेकरं ही हसण्याची नाती. सून आणि सासरा, सासू आणि जावई, भाया आणि धाकट्या भावाची बायको ही अदबीची. भायाची चाहूल लागली की सून पदर सावरते. धाकट्या दिराला मात्र तीच सून भर पंगतीत टोमणा मारते, आणि त्याला राग येत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली अशा थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्यांच्या मते लग्नामुळे दोन परकी घरं जवळ येतात. ओढही असते आणि भांडणाची भीतीही असते. मग एक तर अंतर राखायचं, नाही तर ठरवून थट्टा करायची आणि ती मनावर घ्यायची नाही. बऱ्याच समाजांत हे दोन्ही उपाय शेजारीशेजारी दिसतात. लातूर-नांदेडच्या जुन्या वाड्यांत तर ते एकाच ओसरीवर नांदले.

हे नीट पाहायचं तर येळवशीला शेतात जावं. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत गावं रिकामी होतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडतात. पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ज्वारीची ताकातली आंबील. आंबिलीचं मडकं वर्षभर न भेटलेल्यांना एका जागी बसवतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. अशा पंगतीत धाकटा दीर म्हणतो, "वैनी, भज्जीत मीठ टाकायचं विसरलाव जणू." वाढता वाढता भावजय म्हणते, "मीठ हाय भाऊजी, तुम्हीच आंबील पिऊन चव विसरलाव." कोप हसते. वर्षभर हिशोबावरून धुसफुसणारे भाऊही त्या हसण्यात सापडतात, आणि मग बांधाचा विषय काढायला जीभ सहज वळते. गंभीर बोलण्याआधी घर एकदा हसलेलं असलं, की अर्धं काम झालेलं असतं.

धोंड्याच्या महिन्यात हेच वेगळ्या रीतीनं घडतं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो आणि लेक-जावयाला जेवायला बोलावतात. कणकेत पुरण भरून केलेल्या धोंड्यांवर तूप ओततात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. या महिन्यात जावई म्हणजे नारायण, म्हणून सासू त्याला ओवाळते. मेहुण्या मात्र विचारतात, धोंडा कोणता, ताटातला की पाटावरचा? एकाच पाटावर त्याला देवपणही मिळतं आणि ते फार चढू नये याची सोयही होते. नव्या जावयाला आपलंसं करायला याहून चांगली युक्ती सापडणं कठीण.

देवही यातून सुटलेले नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई. वाघ्या-मुरळी जागरणात त्यांचं सवतीभांडण रंगवतात, आणि देवाची त्रेधा ऐकून रात्रभर जागलेली बायामाणसं पोट धरून हसतात. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हाच धागा पकडला. त्यांच्या रोडग्याच्या भारुडातली बाई सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागते. ऐकणारी सून आधी खुदकन हसते, मग कळतं की ती माणसं म्हणजे मनातलेच विकार आहेत. मनातली कुरकुर उघडपणे म्हणायला घरातल्या बाईला मिळालेली ती मानाची जागा होती.

थट्टेलाही कुंपण लागतं. सुनेच्या माहेराची गरिबी, कुणाचा रंग, कुणाला मूल नसणं, कुणाची गेलेली नोकरी हे विषय कुंपणाबाहेरचे. ज्याची थट्टा चालली आहे तो समोर हवा, आणि त्याला उलट उत्तर देण्याची मुभा हवी. सुनेला ती मुभा नसेल तर ती थट्टा नव्हे, जाच आहे. कुणी गप्प झालं तर "गंमत केली" म्हणून वेळ मारून नेऊ नये. चूक झाली असं सरळ म्हणावं, तेही चारचौघांत, कारण दुखावलंही चारचौघांतच.

सध्या या नात्यांची खरी उणीव भासते ती लातुरात. नीट आणि जेईईच्या शिकवण्यांसाठी दूरच्या गावांतून मुलं येतात. पुष्कळदा आई दोन वर्षं मुलासोबत खोली करून राहते आणि बाप गावी शेत सांभाळतो. त्या खोलीत आई असते, मूल असतं, पुस्तकं असतात. दीर, मामा, आजी कुणीच नसतं. मग बोलणं टेस्टच्या मार्कांपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. अशा घरानं जेवणाच्या वेळेला रोज गावाकडं एक फोन लावावा, आणि त्यात मार्क विचारायला सगळ्यांना बंदी असावी. म्हशीनं आज कुणाला लाथ मारली ते आजीनं सांगावं, मामानं भाच्याच्या नव्या मिशीची चौकशी करावी. आईनं फोन स्पीकरवर ठेवून भाकरी थापत राहावं.