दाबलं की रेणू कुठे जातो?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: रेणूंपासून बनलेल्या स्फटिकांवर प्रचंड दाब टाकला तर त्यांच्या आत काय होतं. पण लगेच स्किप करू नका, कारण यात पुढे लाल ऑक्सिजन येणार आहे आणि चटका देईल असा गरम बर्फही येणार आहे.

सुरुवात देवघरातल्या कापरापासून करू. कापराची वडी उघडी ठेवली की हळूहळू बारीक होत जाते. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. वितळत नाहीत, नुसत्या हवेत विरून जातात. याचं कारण असं, की कापराचा एकेक रेणू आतून अगदी घट्ट बांधलेला असतो. त्यातले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकांना धरून असतात. पण एका रेणूचं शेजारच्या रेणूशी असलेलं नातं मात्र वरवरचं. लोकलच्या डब्यात एक कुटुंब एकमेकांचा हात धरून बसलंय, आणि समोरच्या बाकावरच्यांशी फक्त तोंडओळख आहे, तसं. म्हणून एक रेणू सहज उठून निघून जातो, पण जाताना अख्खा जातो, तुटत नाही. बर्फ, साखर, ड्राय आइस, गोठवलेला नायट्रोजन हे सगळे याच जातीचे. यांना रेण्वीय स्फटिक म्हणतात. आत घट्ट, बाहेर सैल, हा यांचा स्वभाव.

आता डब्यात गर्दी वाढवू. दादरला चढतात तशी. आधी मोकळी जागा संपते. मग खांद्याला खांदा लागतो. आणि एका टप्प्यानंतर कोण कोणाच्या घरचं हेच बाहेरून कळेनासं होतं. दाबाखाली रेणूंचं नेमकं हेच होतं, आणि मला यातलं सगळ्यात भारी तेच वाटतं. दाब वस्तूला फक्त लहान करत नाही, तर ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ यातला फरकच पुसून टाकतो.

दाब किती लागतो? घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी तो हजार पटीहून थोडा जास्त. आपलं एकक आहे गिगापास्कल. १ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास १०,००० पट. पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ३६० गिगापास्कल असतात.

एवढा दाब प्रयोगशाळेत आणणारं यंत्र खोलीभर मोठं असेल असं वाटतं ना? ते मुठीत मावतं. दोन हिरे टोकाला टोक लावून ठेवायचे, मध्ये धातूची पातळ चकती, चकतीला केसाएवढं भोक, भोकात नमुना, आणि बाहेरून स्क्रू पिळायचे. याला डायमंड अ‍ॅनव्हिल सेल म्हणतात, म्हणजे हिऱ्यांची ऐरण. १९५८-५९च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हे यंत्र तयार झालं, आणि सुरुवातीचे काही हिरे स्मगलरांकडून जप्त केलेले होते! सरकारी तिजोरीत पडून होते, ते कामाला आले.

हिशोब करून बघा. हिऱ्याचं सपाट केलेलं टोक ०.१ मिलिमीटर व्यासाचं धरा. त्यावर ८० किलोचा माणूस उभा राहिला, तर त्या टोकाखाली साधारण १०० गिगापास्कल दाब तयार होतो. फक्त क्षेत्रफळाचा खेळ. शिवाय हिरा पारदर्शक, त्यामुळे दाबलेली वस्तू सूक्ष्मदर्शकातून थेट बघता येते, तिच्यावर लेझर किंवा क्ष-किरण टाकता येतात. दाब मोजायला आत माणकाचा बारीक कण ठेवतात. त्याचा लाल प्रकाश दाबानुसार किंचित सरकतो, की झालं मोजमाप. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा ऐरणींवर अनेक वर्षं काम चालू आहे, आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची सोयही आहे.

आता मुख्य प्रश्न. नुसत्या दाबाने रासायनिक बंध का तुटावेत? बारावीच्या पुस्तकातलं ‘दाब गुणिले आकारमान’ आठवा. एका मोल पदार्थाचं आकारमान १ घन सेंटिमीटरने कमी झालं असं धरा. हवेच्या नेहमीच्या दाबाला यातून वाचते ०.१ जूल ऊर्जा, म्हणजे काहीच नाही. पण १०० गिगापास्कलला तेवढ्याच आकुंचनाची किंमत होते १०० किलोजूल. आणि बऱ्याच रासायनिक बंधांची ताकद प्रति मोल काही शे किलोजूलच असते. म्हणजे या दाबाला जागा वाचवणं हे बंध वाचवण्याइतकंच महत्त्वाचं होऊन बसतं. जी रचना कमी जागा घेते ती जिंकते, मग त्यासाठी जुने बंध मोडावे लागले तरी चालतं.

पाण्याचं बघू. साध्या बर्फात प्रत्येक हायड्रोजनचा एक सख्खा ऑक्सिजन असतो, सुमारे १ अँगस्ट्रॉमवर, आणि दुसरा शेजारचा, पावणेदोन अँगस्ट्रॉमवर. खोलीच्या तापमानाला पाणी दाबत नेलं तर १ गिगापास्कलच्या आसपास ते गोठतं. २ च्या थोडं पुढे बर्फ-७ येतो. ३ गिगापास्कलला हा बर्फ उकळत्या पाण्याइतका गरम असला तरी घट्ट राहतो. २०१८ साली तो निसर्गातही सापडला, पृथ्वीच्या खोल पोटातून वर आलेल्या हिऱ्यांमध्ये अडकलेला. हिऱ्याने वर येतानाही आतला दाब सोडला नव्हता! तिथे खाली पाणी आहे याचा तो पुरावा.

बर्फ-७ आणखी दाबला की गंमत होते. ऑक्सिजन एकमेकांजवळ येतात, शेजारचा लांबचा बंध आखूड होत जातो. पण सख्खा बंध? तो आखूड नाही, उलट किंचित लांब होतो! दाबतोय आपण आणि बंध ताणला जातोय. साधारण ६० ते १०० गिगापास्कलच्या दरम्यान हायड्रोजन दोन ऑक्सिजनच्या बरोब्बर मध्ये येऊन बसतो. होल्झापफेल यांनी हे १९७२ सालीच सुचवलं होतं, आणि १९९६ साली इन्फ्रारेड प्रयोगांत त्याच्या खुणा दिसल्या. हा बर्फ-१०. यात पाण्याचा रेणू दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. हायड्रोजन कोणत्या ऑक्सिजनचा? दोघांचाही सारखाच. एचटूओ हे सूत्र आता फक्त दोनास एक हे प्रमाण सांगतं, जसं मिठाचं सूत्र सांगतं.

कार्बन डायऑक्साइडचं थोडक्यात. १९९९ साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो सुमारे ४० गिगापास्कलला दाबून लेझरने तापवला, तर वाळूतल्या सिलिकासारखं सलग जाळं झालं. ऑक्सिजन १० गिगापास्कलच्या आसपास लाल होतो, त्यात चार-चार रेणू मिळून आठ अणूंचे गठ्ठे बनतात, आणि १०० च्या जवळ तो चक्क धातू होतो.

नायट्रोजनकडे मात्र थांबायलाच हवं. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूत तिहेरी बंध असतो, सुमारे ९४५ किलोजूलचा, निसर्गातल्या सगळ्यात हट्टी बंधांपैकी एक. एकेरी बंध त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाचाच. १९९२ साली संगणकावर गणित करून सांगितलं गेलं, की पुरेसा दाब दिला तर हा तिहेरी बंध मोडेल आणि प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी एकेरी बंधाने जोडलेलं जाळं होईल. बारा वर्षांनी, २००४ मध्ये, जर्मनीत माइंट्सच्या माक्स प्लांक संस्थेत एरेमेट्स आणि सहकाऱ्यांना ११० गिगापास्कलच्या वर आणि २००० केल्विनच्या वर नेमकी तीच रचना मिळाली. कोड लिहून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, आउटपुट बरोबर आहे की नाही हे कळायला बारा वर्षं थांबायची आपली तयारी नसते.

हे जाळं परत साधा नायट्रोजन झालं तर अफाट ऊर्जा बाहेर पडेल, आणि धूर काय, तर हवेतलाच नायट्रोजन. म्हणून इंधनवाल्यांचे डोळे त्यावर आहेत. अडचण एवढीच, की दाब उतरवत नेला तेव्हा ते ४० गिगापास्कलच्या आसपासपर्यंतच तग धरून राहिलं. मग आशा सोडायची का? हिऱ्याकडे बघा. साध्या दाबाला कार्बनचं खरं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, तरीही अंगठीतला हिरा पेन्सिलीचं शिसं होत नाही, कारण परतीच्या वाटेवर मोठा चढ आहे. नायट्रोजनसाठी असाच चढ शोधायचा आहे.

शेवटी हायड्रोजन, या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं भांडण. विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली म्हटलं, २५ गिगापास्कलला त्याचे रेणू मोडतील आणि धातू होईल. २५ कधीच मागे पडले, तो बधला नाही. २०१७ साली हार्वर्डमधून ४९५ गिगापास्कलला चमकदार धातू मिळाल्याचा दावा आला. पुढे हिरा फुटला, नमुना गेला, आणि दाब नीट मोजला होता का यावर वाद पेटला. २०२० साली फ्रान्समधल्या गटाने ४२५ गिगापास्कलच्या जवळ इन्फ्रारेड प्रकाशाचं शोषण एकदम बदलल्याचं दाखवलं. मला हे जास्त पटतं, कारण दाब वाढवत-कमी करत त्यांनी तोच बदल पुन्हा पाहिला, नुसत्या चमकेवर भिस्त ठेवली नाही. पण तिथेही रेणू पूर्ण मोडले की रेणू शाबूत असतानाच धातू झाला, हा प्रश्न उरतोच. गुरूच्या पोटात तर द्रवरूप धातू-हायड्रोजनचा समुद्र आहे असं मानतात, आणि त्याचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथूनच येतं.

तर आज इथेच थांबतो. हिशोबात कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, आकडे घेऊन बसू.