मानके ठरविताना शेतकऱ्याचेही म्हणणे हवे
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मळणी यंत्र किंवा ठिबकच्या नळ्या घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, "आय.एस.आय. आहे ना?" पण त्या शिक्क्यामागची मानके कोण ठरवते, हे आपण सहसा विचारत नाही.

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. ब्यूरोच्या तांत्रिक समित्यांमध्ये कारखानदार, शास्त्रज्ञ, शासकीय अधिकारी व ग्राहकांचे प्रतिनिधी असतात. यंत्र बनविणारा बैठकीला आवर्जून जातो, कारण त्याचा धंदा त्यावर अवलंबून असतो. यंत्र वापरणारा मात्र त्या वेळी शेतात असतो.

मळणी यंत्राचेच पाहा. पेंढी लोटताना हात ड्रममध्ये ओढला जाऊन कित्येकांची बोटे, कित्येकांचे हात गेले. म्हणून सुरक्षिततेचे मानक आले, आय.एस. ९०२०. पेंढ्या लोटण्याची पन्हळ किमान ९० सें.मी. लांब आणि त्यापैकी ४५ सें.मी. वरून झाकलेली असावी, असे त्यात सांगितले. हेतू एवढाच, की हात ड्रमपर्यंत पोचू नये. पुढे १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदाही झाला.

मागे एका खळ्यावर गेलो होतो. तेथे हीच पन्हळ कापून आखूड केलेली दिसली. मालक म्हणाले, "झाकणात ओली पेंढी अडकते, काम रेंगाळतं." घास देणाऱ्या बाई दगडावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, यंत्र बाप्यांच्या उंचीचं आहे. आम्ही कसं करायचं?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मी पन्हळ कापण्याचा धोका समजावून सांगितला आणि परत आलो. त्यांचे म्हणणे लिहून पुढे पाठविले नाही, ही माझी चूक.

वास्तविक दार उघडे आहे. नवे मानक करताना किंवा जुने सुधारताना ब्यूरो मसुदा सर्वांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवतो. मुदत साधारणपणे ६० दिवसांची असते. अभिप्राय कोणीही पाठवू शकतो, त्यासाठी पदवी लागत नाही. मसुदे ब्यूरोच्या संकेतस्थळावर मिळतात.

अभिप्राय लिहिताना चार गोष्टी द्या:

१) मसुद्यातील कलमाचा क्रमांक
२) त्यातील अडचण
३) आपण सुचविलेला बदल
४) त्याचे कारण

"यंत्र चांगले नाही" एवढ्याने भागत नाही. "पन्हळ जमिनीपासून इतकी उंच आहे, घास देणाऱ्या बाईची उंची इतकी आहे, म्हणून उंची कमी-जास्त करण्याची सोय असावी," असे मोजमापासह लिहा. टेप घेऊन अर्ध्या तासात हे होते.

मसुदे बहुधा इंग्रजीत असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून शेतकरी गटाने महिन्यातून एकदा बसून कृषी शाखेच्या विद्यार्थ्याकडून किंवा आमच्यापैकी कोणाकडून मसुदा समजून घ्यावा. यंत्रावर राबणाऱ्या मजुरांना, विशेषतः बायांना, त्या बैठकीस अगत्याने बोलवावे. प्रत्येक सूचना मान्य होईलच असे नाही. पण जी सूचना समितीपुढे गेलीच नाही, तिचा विचार होणार कसा?

तेव्हा यंदाच्या मळणीच्या वेळी खळ्यावर टेप आणि वही जरूर ठेवा. मसुदा वाचायला आम्ही आपल्याबरोबर बसू.