तबकडी निवडणारा माणूस

अमरावतीच्या राजकमल चौकांत किंवा अकोल्याच्या जुन्या शहरांत लग्नसराईच्या दिवसांत 'डीजे कोणाचा आहे?' असा प्रश्न कानीं पडला, तर विचारणाराच्या मनांत माणूस नसतो. मालमोटारीवर एकावर एक रचलेल्या पेट्या, त्यांच्या तोंडाशीं बसविलेले कर्णे, मागें धडधडणारें जनित्र आणि वर फिरणारे रंगीत दिवे, या सगळ्या सरंजामाला आतां वऱ्हाडांत 'डीजे' म्हणतात. डीजे लावतात, डीजे आणतात, डीजे बंद करवितात. डीजे आला असें म्हणतात तेव्हां गाडी आलेली असते. मूळ इंग्रजी शब्द मात्र माणसाचा आहे. घोड्यावर जसा स्वार, तसा तबकडीवर हा स्वार. आपल्याकडे घोडा राहिला, तबेला वाढला. स्वार कोठें उतरून गेला याची चौकशी कोणी केली नाहीं.

हा स्वार करतो तरी काय? वरवर पाहतां तो दुसऱ्यांचीं गाणीं वाजवितो, आणि त्यांत कसली आली कला, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु ज्या प्रांतानें दीड शतकाहून अधिक काळ कापसावर काढला, त्याला या आक्षेपाचें उत्तर बाहेरून आणावयास नको. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला तेजी आली. लिव्हरपूलच्या बाजारांत हा कापूस अमरावतीच्याच नांवावरून 'उमरा' म्हणून ओळखला जाई. आतां, सूतगिरणींत एकाच गांठीचा कापूस थेट सुतास लावीत नाहींत. निरनिराळ्या गांठी फोडतात, धाग्याची लांबी, बळकटी, रंग हीं पाहतात आणि मेळ जमेल अशी मिसळ करतात. तिला गिरणींतील माणसें 'मिक्सिंग' असेंच म्हणतात. कापूस त्यांनीं पिकविलेला नसतो. तरीही मिसळ चुकली कीं सूत तुटतें, आणि मग सगळ्यांनाच कळतें कीं या कामाला जाणता हात लागतो.

विद्युत्-यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताचा मिक्स याच जातीचा आहे. तो करणाराच्या पुढें दोन फिरत्या तबकड्या असतात. एक सगळे लोक ऐकत असतात. दुसरी तो एकटा कानाला लावलेल्या श्रवणयंत्रांतून ऐकतो. पहिलीचा ठेका मिनिटास १२० थापांचा आणि दुसरीचा १२४ थापांचा असेल, तर दोन्ही एकदम सोडल्यावर आठ सेकंदांच्या आंत दुसरीची थाप पहिलीच्या दोन थापांच्या बरोबर मधोमध येऊन पडते आणि सगळी चाल लंगडते. म्हणून दुसरीची गति खटक्यानें किंचित् उतरवून ती पहिलीच्या पावलाशीं पाऊल टाकील अशी करावी लागते. पोळ्याच्या दिवशीं सजवून काढलेली जोडी ज्यानें नीट चालवून नेली आहे, त्याला याहून अधिक सांगावें लागणार नाहीं. पण जोडी जुळली एवढ्यानें भागत नाहीं. हें संगीत बहुधा चार चार थापांच्या आवर्तनांत आणि आठ किंवा सोळा आवर्तनांच्या खंडांत बांधलेलें असतें; नवें गाणें अशा खंडाच्या समेवरच आंत आलें पाहिजे. दोन्ही गाण्यांचे खर्जांतले ठोके एकाच वेळीं वाजले तर पुराचें पाणी जसें गढूळ होतें तसा आवाज गढूळ होतो, म्हणून एकाचा खर्ज मिटून दुसऱ्याचा उघडतात. आणि दोघांचे षड्ज परस्परांशीं भांडणारे असतील, तर ठेका कितीहि जुळो, ऐकणाराच्या कपाळाला आठी पडते.

ही विद्या फार जुनी नाहीं. न्यूयॉर्कमध्यें फ्रान्सिस ग्रासो यानें १९७० च्या सुमारास दोन तबकड्यांचे ठेके एकमेकांत मिसळून दाखविले. जपानच्या मात्सुशिता कंपनीनें १९७२ मध्यें 'टेक्निक्स एसएल-१२००' हें यंत्र काढलें, आणि १९७९ च्या सुधारित यंत्रांत गति शेंकडा ८ पर्यंत कमीजास्त करणारा सरकता खटका बसविला. पुढें हेंच यंत्र या धंद्याचें नांगर-वखर झालें. १९७५ मध्यें ग्लोरिया गेनर हिच्या एका तबकडीची सबंध पहिली बाजू टॉम मोल्टन यानें तीन गाणीं अखंड जोडून भरली. घरीं बसून ऐकावयाचा अखंड मिक्स तेथून आकार घेऊं लागला. पुढें बर्लिनच्या 'के-सेव्हन' या संस्थेनें १९९५ पासून 'डीजे-किक्स' ही मालाच काढली. प्रत्येक भाग एका निवडकर्त्यावर सोंपविलेला. व्हिएन्नाच्या क्रूडर आणि डॉर्फमायस्टर या जोडीचा १९९६ चा भाग आजहि आवडीनें ऐकला जातो.

निवडीपेक्षांहि अवघड असतो तो क्रम. येथें महाराष्ट्राच्या शेजारचें, खरें म्हणजे मराठी माणसाच्या घरचेंच, उदाहरण आहे. गोव्यांत हणजुणेच्या किनाऱ्यावर रात्ररात्र चालणाऱ्या नाचांत वाजविणारे लोक तबकड्यांऐवजीं चुंबकीय फितींवर गाणीं आणीत, कारण उन्हानें आणि दमट हवेनें तबकड्या वांकत. फितीच्या यंत्रांत गति बदलण्याची सोय बहुधा नसे. मग ठेक्याशीं ठेका जुळविण्याची कसरत बाजूस राहिली आणि सारा भार पुढें काय लावावें यावर पडला. मध्यरात्रीचें संगीत वेगळें, पहांटेचें वेगळें, सूर्य वर आल्यावरचें आणखी वेगळें. रागांना प्रहर नेमून देणाऱ्या देशांत परदेशी वादकांनाहि वेळेची ही शिस्त लागली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १८ डिसेंबर १९९४ रोजीं ब्रिटिश नभोवाणीच्या 'रेडिओ वन' केंद्रावरून पॉल ओकनफोल्ड याचा दोन तासांचा मिक्स प्रसारित झाला. त्याचें नांवच 'गोवा मिक्स'. त्यांत नाचाच्या गाण्यांमधून त्यानें व्हँजेलिस याच्या चित्रपटसंगीतासारखे ठेका नसलेले भाग पेरले. नाचणाराला तेथें थांबावें लागतें, आणि थांबल्यामुळें पुढची थाप दुपटीनें लागते.

वऱ्हाडानें हें कौशल्य दुसऱ्या वेषांत पाहिलें आहे. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ ज्यांनीं देह ठेवला त्या गाडगे महाराजांच्या कीर्तनांत ठरीव पोथी नव्हती. ते समुदायाला प्रश्न विचारीत, उत्तर येई, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसे, आणि लोकांचें लक्ष ढळतें असें दिसलें कीं मध्येंच नामाचा गजर उचलला जाई. गजर केव्हां उचलावा हें कोणत्याहि पुस्तकांत लिहून ठेवतां येत नाहीं. तुलना कोणाला आगाऊपणाची वाटेल. हेतूंत अंतर आहे, आणि तें थोडें नाहीं. परंतु समुदायाचा श्वास ओळखण्याचें काम दोन्हीकडे सारखेंच आहे.

संग्रह म्हणून मिक्स छापावयाचा झाला कीं आणखी एक अडचण उभी राहते. रस्त्यावर वाजविणाऱ्याला वेळेची मर्यादा नसते. चकचकीत तबकडीवर मात्र ७४ मिनिटें, फार तर ८०, एवढीच जागा. पंधरा ते पंचवीस गाणीं त्यांत बसतात. प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा धनी निराळा, शब्दांचा आणि चालीचा धनी कदाचित् आणखी निराळा. सगळ्यांची परवानगी हवी. मधलें एक गाणें परवानगीअभावीं गळालें तर तेवढी रिकामी जागा भरून चालत नाहीं, कारण त्याच्या मागचें आणि पुढचें अशीं दोन्ही गाणीं त्याच्याच आधारानें उभीं असतात. कित्येकदां निम्मी रचना मोडून पुन्हां मांडावी लागते. आपल्या देशांत या बाबतींत बराच काळ सैलपणा होता. १९७२ च्या 'समाधि' चित्रपटांतील लता मंगेशकरांच्या 'कांटा लगा' या गाण्याची नवी आवृत्ति २००२ मध्यें निघाली तेव्हां देशभर वाद माजला. १९५७ च्या कायद्याप्रमाणें, मूळ मुद्रणाला दोन वर्षें झालीं कीं सूचना आणि ठरलेला मोबदला देऊन नवी आवृत्ति काढतां येत असे. २०१२ च्या दुरुस्तीनें ती मुदत पांच वर्षांची झाली आणि अटीहि कडक झाल्या.

आणि निवड म्हणजे केवळ लोकप्रिय गाणीं वेंचणें नव्हे, हें दोन भारतीय उदाहरणांवरून दिसतें. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजीत सिंग यांनीं १९८२ मध्यें यमन, मालकंस, ललित असे दहा राग जपानी यंत्रांच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. ती फारशी कोणी घेतली नाहीं. २०१० मध्यें ती हॉलंडमधून पुन्हां निघाली, आणि जाणकार चकित झाले, कारण त्या यंत्रांतून पुढें अमेरिकेंत जें नाचाचें संगीत जन्मलें त्याचा नाद येथें आधींच ऐकूं येत होता. सिंग २०१५ मध्यें वारले, तेव्हां हा उशिराचा मान त्यांच्या पदरीं पडून पांच वर्षें झालीं होतीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत १९६९ ते १९७२ या काळांत गीता साराभाई आदि मंडळींनीं मूग यंत्रावर केलेल्या प्रयोगांच्या फिती अशाच पडून होत्या. पॉल पर्गस यांनीं त्या निवडून २०२३ मध्यें संग्रहरूपानें बाहेर आणल्या. कोणी तरी बसून ऐकलें, म्हणून त्या वांचल्या.

असा संग्रह वऱ्हाडाचा करावयास कोणी बसला तर त्याच्यापुढें सामग्री थोडी नाहीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वळणाचीं खंजिरीभजनें आहेत. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या आवाजांत १९३० नंतरच्या दशकांत तबकडीवर आली. एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावतील अशी ती तबकडी. भुलाबाईचीं गाणीं आहेत, गोंधळ्यांचें संबळ आहे, मेळघाटांतील कोरकूंचा ढोल आणि बासरी आहे. अडचण सुरू होते ती जोडतांना. भजन संथ उठतें आणि चढत्या लयींत संपतें; यंत्राचा ठेका आरंभापासून शेवटपर्यंत १२० म्हणजे १२० च. भजनाला यंत्राच्या चौकटींत कोंबलें तर त्याचा चढ मरतो, आणि तो चढ हाच तर भजनाचा जीव. यंत्रालाच भजनामागें पळावयास लावलें तर जोडणाराला एकेक थाप हातानें बसवावी लागते. आज संगणकावर तें साधतें, पण दोन मिनिटांच्या तुकड्याला दोन दोन दिवस लागूं शकतात. लवकर होणारा मार्ग पहिलाच. म्हणून बाजारांत मिळणाऱ्या मिक्सांतून खंजिरी बहुधा कापलेली ऐकूं येते: चार थापांचा एक तुकडा, पुन्हां पुन्हां, वाजविणाराचें नांव नाहीं.

नांवाचा हा प्रश्न बारीक नाहीं. भुलाबाईच्या गाण्याचा कर्ता अज्ञात आहे, म्हणून त्याचा हक्क कोणाकडे जात नाहीं. परंतु तें गाणारी बाई अज्ञात नाहीं. तिचा आवाज खेड्यांत जाऊन टिपला, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाराचा म्हणून जो हक्क कायद्यानें मानला आहे तो तिचाहि आहे. संग्रहाच्या वेष्टणावर संकलकाचें नांव ठळक आणि तिचें कोठेंच नाहीं, असें झालें तर त्याला निवड म्हणतां येणार नाहीं. ती उचल झाली.

श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं अकोल्यांत गांधीग्रामच्या पूर्णेचें पाणी कावडींतून आणून राजराजेश्वराला घालतात. पाण्याचें वजन खांद्यावर असतें आणि पावलांना ताल हवा असतो. ताल येथें शोभेसाठीं नाहीं, कामासाठीं आहे. अशा प्रसंगीं निवडणाराचा कान खरोखर उपयोगी पडावा. परंतु गाडीवरील माणसाच्या हातीं बहुतेक वेळां एकच खटका उरलेला असतो, तो आवाज वाढविण्याचा. निवड कच्ची असली कीं ती आवाजानें झांकावी लागते. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कानाला दिवसाचे आठ तास सोसतो असें धरतात, आणि दर तीन डेसिबलांमागें ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० वर ती पंधरा मिनिटांची उरते. गाडीपुढें नाचणारें पोर त्याहून किती तरी अधिक वेळ तेथें असतें. कावड वाहणाऱ्याला तर बाजूस होण्याचीहि सोय नाहीं.

फेब्रुवारी २००० च्या ध्वनिनियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. वर्षांतील मोजक्या सणांना ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवितां येते. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २००५ मध्यें हे निर्बंध उचलून धरले. त्यांचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रस्त्यावरचा मिक्स पोलिसांच्या शिट्टीवर, गाण्याच्या मध्येंच तुटतो. त्यामुळें तो रचणारे शेवट रचीतच नाहींत. शेवटचें गाणें कोणतें असावें हा प्रश्नच त्यांच्यापुढें येत नाहीं. घरीं ऐकावयाचा संग्रह करणाऱ्याला तो येतो, आणि जुन्या निवडकर्त्यांचा परिपाठ असा कीं तें गाणें आधीं ठरवावयाचें आणि मग उलटें मागें येत येत पहिल्या गाण्यापर्यंत पोंचावयाचें.