मावशी बर्फावरून घसरली त्याची गोष्ट

मी खापरखेड्याहून बोलते आहे. आमच्याकडे हवेत पांढरं काही उडालं तर ती वीज केंद्राची राख असते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा गावातल्या आम्ही अकरा बायका फेब्रुवारीत मनालीला जाऊन बर्फावर खेळून आलो.

आधी पैशाचं सांगते, कारण तुम्ही तेच विचाराल. गटाच्या बचतीला हात लावला नाही, अंतर्गत कर्जही काढलं नाही. सहलीची पेटी वेगळी ठेवली. दर मासिक बैठकीला ३०० रुपये, अडीच वर्षं. वही वेगळी, सह्या वेगळ्या. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढं रात्रभर बस.

मनालीपासून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. वाटेत कोट आणि बूट भाड्यानं देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. भाव करण्यात आपल्या बायका कुठं कमी पडतात? पण घाई माझी झाली. बूट घालून बघायच्या आधीच मी पैसे देऊन टाकले, आणि दोघींच्या बुटांत पाणी शिरलं. तुम्ही गेलात तर बूट घालून, चार पावलं चालूनच पैसे द्या. मोज्यांचे दोन जोड ठेवा.

सोलंगला मोठा उतार आहे. कुणी हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून घसरतं, कुणी पायाला लांब पट्ट्या बांधून. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. मी बांधल्या, आणि तिसऱ्या मिनिटाला पाठीवर पडले. शिकवणारा मुलगा सांगत होता, गुडघे वाकवा, अंग पुढं झुकवा, पट्ट्यांची टोकं जवळ आणा म्हणजे वेग कमी होतो. भीती वाटली की माणूस मागं झुकतो, आणि मागं झुकला की पडतो. हे कळेपर्यंत मी पाच वेळा पडले.

मग आमची मावशी पुढं आली. वय अठ्ठावन्न. नऊ वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढलेली. तिला ट्यूबमध्ये बसायचं होतं. आणि मैत्रिणींनो, तिला अडवलं कुणी? मीच. "मावशी, तुमचं ऑपरेशन झालं आहे, तुम्ही बसून बघा," असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काहून वं? ऑपरेशन झाल्यावर दोन महिन्यांनी डोक्यावर सरपणाचा भारा होता माह्या. तवा कोनी नाही म्हनलं की बसून बघ."

मला उत्तर आलं नाही. निघायच्या आधी तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्यांनी हरकत घेतली नव्हती, हेही मला ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच निघालं.

परत आल्यावर मी या खेळांबद्दल वाचत गेले. एक खेळ आहे स्की जंप. उंच उतारावरून ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगानं यायचं, टोकावरून हवेत झेप घ्यायची, अंग पुढं झोकून तरंगत जायचं आणि एक पाय पुढं ठेवून उतरायचं. पुरुषांसाठी हा खेळ १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. बायकांना त्यात यायला २०१४ साल उजाडलं. नव्वद वर्षं! कारण काय, तर बायकांच्या शरीराला, गर्भाशयाला झेपणार नाही म्हणे. २००५ सालीसुद्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष वैद्यकीय दृष्टीनं हा खेळ बायकांना योग्य नाही असं बोलले होते. खेळाडू मुली कॅनडात कोर्टात गेल्या. २००९ मध्ये न्यायाधीशांनी भेदभाव होतो आहे हे मान्य केलं, पण ऑलिंपिक समिती आमच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही म्हणून मागणी फेटाळली. गंमत म्हणजे तिथल्याच एका उतारावर सर्वांत लांब उडीचा विक्रम तेव्हा लिंडसे व्हॅन या बाईच्या नावावर होता, पुरुष धरून.

बॉबस्लेडचंही तसंच. बर्फाच्या वळणदार नाळीतून घसरगाडी सोडतात, ताशी शंभराच्या वर वेग. बायकांना ऑलिंपिकमध्ये तो खेळ २००२ मध्ये मिळाला, अमेरिकेच्या युटा राज्यात. तिथल्या त्या पार्कात आता आपल्यासारख्या साध्या माणसांनाही तिकीट काढून, चालकाच्या मागं बसून जाता येतं म्हणे. आपल्या देशातही मुली मागं नाहीत. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

तर आमची मावशी. लुगड्याचा काष्टा खोचून, वर भाड्याचा लाल कोट घालून ती ट्यूबमध्ये बसली. ढकलणारा मुलगा म्हणाला, "माताजी, कसके पकडना." ती अर्ध्या उतारापर्यंत "अवं माय" ओरडली आणि पुढचा अर्धा उतार नुसती हसत गेली. खाली बर्फात लोळली, उठली, पदर झटकला आणि पुन्हा वर चढायला लागली. दुसऱ्या फेरीचे पैसे तिनं कमरेच्या पिशवीतून स्वतः काढले. मग मी तिच्या मागच्या ट्यूबमध्ये बसले.

व्हिडिओ मी तिच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवला. त्याचा मला फोन आला, जरा रागातच. "ताई, आईला कशाला बसवलं?" मी म्हटलं, मी नाही बसवलं, ती बसली. नंतर सून सांगत होती, रात्री त्यानं तो तीनदा लावून बघितला.

मागच्या बैठकीत पेटी पुन्हा उघडली. ३०० वरून ३५० करायचे की नाही यावर अजून वाद चालू आहे.